उचललेला कासरा

ईस्टरच्या उपासनेत आमचे थोरले दीर सगळ्यांपेक्षा एक ओळ जास्त गायले, तिथून या गोष्टीला सुरुवात झाली.

गीत संपलं, पेटी थांबली, पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले, आणि पुरुषांच्या बाजूने एक खडा आवाज एकटाच पुढे निघाला. धृपद पुन्हा पहिल्यापासून. पोरं खिदळली. आमच्या घरच्यांनी, म्हणजे मास्तरांनी, आपल्या भावाला कोपर मारलं तेव्हा तो आवाज थांबला. बाहेर आल्यावर भावजी म्हणाले, "भक्तीत भान राहिलं न्हाई." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. मी रोजच्या वहीत लिहिलं, 'याकोब भावजींचं मन आज फार भरून आलं होतं.' सन पंचेचाळीसच्या वहीतलं ते पान अजून आहे. ते उघडलं की वाटतं, इतकी वर्षं या माणसाला दोन वेळा वाढते आहे आणि मला काहीच कसं दिसलं नाही.

भावजी तेव्हा त्रेपन्न वर्षांचे. बायको पहिल्या बाळंतपणात गेली, त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. उंच, हडकुळे, थोडे पुढे वाकलेले. कामाला आबासाहेबांच्या मळ्यावर. आमचं गाव कोल्हारपासून दोन कोसांवर, प्रवरेच्या काठाला, आणि आबासाहेब गावातले मोठे बागाईतदार. भावजींची खरी ओळख मात्र कामावरची नव्हती. आबासाहेबांची बैलजोडी चैत्री पुनवेच्या जत्रेत शर्यतीला धावायची, आणि तीस वर्षं त्या छकड्यावर बसायची जागा याकोब भावजींची होती. बैलांच्या पाच जोड्या बदलल्या. आबासाहेबांचे वडील गेले, आबासाहेबांच्या मिशा पांढऱ्या झाल्या. छकड्यावर भावजीच.

त्यांनी चाबूक कधी घेतला नाही. "बैलाला मारलं की त्यो तुझ्यापासनं पळतो," ते म्हणायचे, "आपल्याला त्यो आपल्यासंगं पळायला पाहिजे."

आमची ख्रिस्ती आळी गावाच्या खालच्या अंगाला, तीसेक घरांची. आमची विहीर वेगळी, नदीवर जायची वाट वेगळी. वर्षातला एक दिवस असा यायचा की सगळं गाव आमच्या आळीतल्या माणसाच्या नावाने ओरडायचं. शर्यत देवीच्या जत्रेची, म्हणून पाळकसाहेब दर वर्षी त्यावर बोलायचे. आणि दर वर्षी निकाल काय लागला ते सर्वांच्या आधी विचारायचे.

त्या शर्यतीच्या दोन रीती आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माळावर गाड्या एका रेघेत उभ्या करतात आणि हलगी सुरू होते. हलगी वाजत राहते, वाजत राहते, आणि एकदम थांबते. ती थांबली की सुटायचं. दुसरी रीत आदल्या दिवसाची. पारासमोर जोडी आणतात, मालक कासरा बैलांच्या जुवावर ठेवतो, पुन्हा हलगी वाजते, आणि ती थांबली की गाडीवान कासरा उचलतो. एकदा उचललेला कासरा शर्यत होईपर्यंत खाली ठेवायचा नाही. ठेवला तर त्या वर्षी ती जोडी धावत नाही. गाव म्हणायचं, ही देवीची रीत. सासूबाई सांगायच्या, भावजींच्या आधी छकड्यावर आबासाहेबांचा एक भाऊबंद बसायचा, तेव्हा कासरा हातात हात देऊन दिला जायचा. जुवावर ठेवणं सुरू झालं ते भावजींपासून. असं का, ते कोणी कोणाला विचारलं नाही.

आदल्या वर्षी जोडी तिसरी आली होती. हलगी थांबली, बाकीच्या गाड्या सुटल्या, आणि भावजी क्षणभर तिथेच. तेवढ्याने सगळं गेलं. तेव्हापासून गावात एकच विषय. दळणाला जावं तर तो, बाजाराला जावं तर तो.

"म्हातारं झालंय. बैलं चांगली हायेत, बसनारा जड झाला."

"जड कशानं? वाळून खारीक झालाय त्यो."

"मग डोकं जड झालं आसंल."

"आरं, बैल त्याच्या हातावर वाढल्यात. दुसरा बसला तर कोशा त्याला नदीत नेऊन बुडवील."

कोशा म्हणजे उजवा बैल, डावा चिमण्या. आणि दुसरा म्हणजे श्रीमंत, आबासाहेबांचा पुतण्या, सव्वीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. छकडा हाकायला तो भावजींकडूनच शिकला होता. त्याने जागा कधी तोंडाने मागितली नाही, पण सरावाच्या वेळी तो छकड्याकडे कसा बघायचा ते मी पाहिलं होतं. आबासाहेबांनी मात्र औंदाही याकोबच, असं सांगून टाकलं होतं.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात भावजी जेवत होते. मी चुलीपासून विचारलं, "भाकरी वाढू का?" उत्तर नाही. वाटलं, रागावलेत. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मनात आलं ते इतकं वाईट होतं की मी आधी देवाची क्षमा मागितली आणि मग केलं. भावजी माझ्याकडे पाठ करून जेवत असताना पितळी झाकण हातातून फरशीवर सोडलं. दारातली कोंबडी उडाली. शेजारच्या बनुबाई भिंतीपलीकडून ओरडल्या, "मास्तरीणबाई, काय पाडलंत?" भावजींनी शांतपणे कालवणात घास बुडवला.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. "भावजी, कधीपासून?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग मागे फरशीवर पडलेल्या झाकणाकडे पाहिलं. त्यांना कळलं.

"दोन वर्सं झाली. डावा कान आधी गेला. उजव्यात थोडं गुणगुणल्यागत हुतं, त्ये बी दिवाळीपासनं गेलं."

"मग शर्यत? हलगी?"

ते हसले. "कोशाच्या कानाला कळतं, बाई. हलगी वाजती तवर त्याचा कान मागं आसतो. थांबली की पुढं येतो. मी कान बघतो."

"आणि मागच्या वर्षी?"

"आबासायबांनी हौसेनं शिंगाला गोंडे बांधले हुते. कानच दिसंना." मग म्हणाले, "औंदा गोंडे नकोत म्हनून सांगितलंय. बैलाला भार हुतो म्हनलं."

ते पुढे सरकले. "कुनाला सांगू नको. मास्तरला पन न्हाई. एवढी एक जत्रा. हरून उतरलो तर तीस वर्सांचं त्येवढंच ध्यानात राहील लोकांच्या. एकदा पैला येऊ दे, मग मीच उतरतो."

माझ्या वहीत त्या दिवसाचं पान कोरं आहे. खोटं लिहवेना आणि खरं लिहून ठेवायची भीती वाटली.

मनाची समजूत मी घातली. बैलाला ऐकू येतं, माणसाला दिसतं, दोघांचं मिळून चाललंय, यात कोणाचं काय जातं? रोज प्रार्थनेत मी भावजींचं नाव घ्यायची आणि पुढे काय मागायचं ते सुचायचं नाही. जागा राहू दे म्हणू, की जाऊ दे म्हणू?

जत्रेला आठ दिवस राहिले होते. मी मळ्याच्या वाटेने गोवऱ्या घेऊन येत होते. माळावर सराव चालला होता. भावजी जोडी घेऊन भरधाव येत होते, आणि गोजरबाई, वरच्या आळीतली साठीची बाई, डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन माळ ओलांडत होती. भाऱ्याखाली तिला काही दिसत नव्हतं. श्रीमंत ओरडला, "याकोबबाबा, बाई हाय, बाई हाय." कडेचे चारपाच जण ओरडले. मीही ओरडले. भावजींची नजर कोशावर. इतक्या माणसांचा आवाज त्यांच्यापर्यंत गेलाच नाही. शेवटच्या क्षणी कोशानेच अंग चोरलं, छकडा कलला, चाक भाऱ्याला घासून गेलं. गोजरबाई कडब्यासकट बसकण मारून खाली.

तिला लागलं नव्हतं. उठली ती तोंड सुरू करूनच उठली. "डोळं फुटलं का तुझं, याकोबा? का बैलाच्या जिवावर सोडलंय सगळं?"

"चुकलं, आक्का," भावजी म्हणाले. तिच्या तोंडाकडे पाहत होते म्हणून कळलं. लोक हसले. श्रीमंत हसला नाही. तो भावजींकडे पाहत उभा राहिला, आणि मी त्याच्याकडे.

जत्रेच्या दिवशी माळाच्या दोन्ही कडांना हजार माणूस असतं. बाया, लेकरं, कडेवरची पोरं. कोणीतरी मध्ये घुसतंच दर वर्षी, आणि लोक ओरडतात, आणि गाडीवान ओढून धरतो. हे मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं. आता दुसरं काही सुचेना. पीठ मळताना सुचे, भजनाला बसलं तरी सुचे.

शेवटी मी मास्तरांना सांगितलं. भावजींना दिलेला शब्द मोडला. मास्तर स्वभावाने भित्रे नाहीत, पण भावाच्या बाबतीत मऊ. भावजींनी मळ्यावर राबून त्यांना नगरला शिकवलं होतं. मास्तर म्हणाले, "दादाची जागा मी काढून घेऊ? मी?"

"जागा नाही हो, एखाद्याचं लेकरू जाईल."

"तू प्रार्थना कर," ते म्हणाले, आणि शाळेत निघून गेले.

प्रार्थना मी करतच होते. देव काही माझ्याऐवजी आबासाहेबांच्या मळ्यावर जाणार नव्हता.

गुरुवारी, कासरा उचलायच्या दिवशी, मी भावजींसमोर उभी राहून सावकाश, ओठ दिसतील असं म्हणाले, "आज कासरा उचलू नका. गोजरबाईला आठवा."

"आठवती," ते म्हणाले. "रोज आठवती." पागोटं बांधलं आणि गेले.

पारापासून अंतरावर, आमच्या बायकांच्या नेहमीच्या जागी मी उभी होते. जोडी आणली. गोंडे नव्हते. आबासाहेबांनी कासरा जुवावर ठेवला. हलगी घुमायला लागली. भावजी कोशाच्या बाजूला उभे, मान किंचित कललेली. लोकांना वाटत असेल, ऐकतायत. हलगी थांबली. अगदी त्याच क्षणी त्यांचा हात जुवावर गेला आणि कासरा वर आला. गाव ओरडलं. बैलांवर गुलाल उडाला. भावजी कपाळाला गुलाल लावून घेत नसत, म्हणून आमच्या आळीतल्या एका पोराने त्यांच्या दंडाला दरसालप्रमाणे पांढरं फडकं बांधलं. ते आमच्या बाजूला वळून हसले. मला हसता आलं नाही.

शुक्रवारी उजाडताच मी आबासाहेबांच्या खळ्यावर गेले. एकटीच. खळ्याच्या बाहेर उभी राहिले.

"मास्तरीणबाई? एवढ्या सकाळी?" आबासाहेब घोंगडीवर बसून चहा पीत होते. श्रीमंत बैलांना चोळत होता.

"आबासाहेब, आमच्या भावजींना ऐकू येत नाही. अजिबात नाही. दोन वर्षं झाली."

कपबशी तशीच हातात राहिली. श्रीमंतचा हात कोशाच्या पाठीवर थांबला, पण त्याने मान वर केली नाही. त्यावरून मला कळलं की त्यालाही ठाऊक होतं.

"काल का न्हाई सांगितलंत?" आबासाहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यानेच मला जास्त भीती वाटली. "काल संध्याकाळपत्तोर येळ हुता. आता कासरा उचलला. ठिवला तर जोडी घरी बसली. गावाला काय सांगू? बैरा गाडीवान हुता आन् मला तीन गावांत कुनी बोललं न्हाई?"

"चूक माझी आहे."

"तुमची कशी? तुमी बाईमानूस." मग श्रीमंतकडे वळून, "तुला ठावं हुतं?"

"सरावाच्या दिवशी कळलं."

"मग?"

"मी सांगितलं आसतं तर जागेसाठी सांगितलं म्हनला आसता तुमी," श्रीमंत म्हणाला.

आबासाहेब उठले, वहाणा घातल्या, आणि पुढे चालायला लागले. खालच्या आळीकडे. तीस वर्षांत आमच्या आळीत ते कधी आले नव्हते. कामाला बोलवायचं तर गडी पाठवायचे, आणि तोही विहिरीपाशी उभा राहून हाक मारायचा. त्या दिवशी ते आमच्या दारापर्यंत आले. मागे श्रीमंत, त्याच्या मागे मी.

भावजी ओट्यावर बसून कासऱ्याला तेल लावत होते. आबासाहेबांना पाहून उठले. मग मला पाहिलं. माझ्याकडे त्यांनी जेमतेम पळभर पाहिलं असेल. मी मान खाली घातली.

"याकोब," आबासाहेब जोरात म्हणाले. "तुला ऐकू येत न्हाई म्हनं." मग आणखी जोरात, तेच.

"वरडू नका, आबासाहेब," भावजी म्हणाले. "सगळी आळी ऐकतीय, मी एकटाच न्हाई."

दारादारांतून माणसं आली होती. बनुबाई, मास्तर, सगळे. आबासाहेब ओट्याच्या कडेवर बसले. ते बसले तसे दोघांचे चेहरे समोरासमोर आले, आणि बोलणं हळू झालं.

"मला सांगायचंस."

"सांगितलं आसतं तर बसू दिलं आसतं?"

"न्हाई."

"म्हनून न्हाई सांगितलं."

"कोनी चाकाखाली आलं आसतं तर?"

भावजींनी कासऱ्याकडे पाहिलं. "त्येच तर आठ दिवस बघतोय, आबासाहेब. डोळं मिटलं की गोजरआक्का दिसती. तरी काल हात गेला. कोशाचा कान हलला आन् हात गेला. तीस वर्सांचा हात हाय, माझं ऐकत न्हाई."

आबासाहेब म्हणाले, "कासरा खाली ठेवला तर जोडी जाती. जुवावर ठेव, श्रीमंत उचलील. चालंल का, बघू."

"जुवावर न्हाई," भावजी म्हणाले. "जुवावर ठिवला की तो ठिवलाच. माझ्या हातातनं ह्याच्या हातात जाईल. तुमच्या घरात आदी तशीच रीत हुती, असं माझी आई सांगायची."

आबासाहेबांनी जमिनीकडे पाहिलं. बनुबाईंनी पदर तोंडाला लावला. आबासाहेब हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. श्रीमंतच पुढे झाला, वहाणा काढल्या, आणि दोन्ही हात पसरले.

भावजींनी कासरा त्याच्या हातात ठेवला, पण सोडला नाही. "कोशाचा कान बघ," ते म्हणाले. "हलगी ऐकू नको. हलगी ऐकून सुटशील तर एवढा मागं राहशील. कान आदी हलतो."

"व्हय, बाबा."

"गोंडे बांधू नको."

"न्हाई बांधत."

"आन् बाई म्हनून कुनी ओरडलं तर ऐक." मग त्यांनी सोडला.

शर्यतीच्या वेळी भावजी माळाच्या दुसऱ्या टोकाला उभे होते, जिथे धावून आलेली जोडी धरायची असते. तिथे ऐकायचं काही नसतं. कोशा आणि चिमण्या त्यांना लांबून ओळखून सरळ आले, रेघ आखल्यासारखे. आमची जोडी दुसरी आली. केडगावच्या जोडीने चार हातांनी शर्यत मारली. मध्ये दोन पोरं घुसली होती. लोक ओरडले, आणि श्रीमंतने ओढून धरलं. ते चार हात तिथे गेले.

गावात मग दोन तट पडले. एक म्हणे, याकोब असता तर पहिला आला असता. दुसरा म्हणे, याकोब असता तर ती पोरं गेली असती. दोन्ही म्हणणी खरी होती असं मला वाटतं, आणि त्यामुळेच मला झोप लागत नव्हती.

भावजी माझ्याशी बोलेनासे झाले. जेवायला बसत, पण पाणी स्वतःच घेत. भाकरी संपली की हात धुवून उठत, दुसरी मागत नसत. मी समोर गेले की मान फिरवत, म्हणजे माझे ओठ दिसू नयेत. बहिऱ्या माणसाला राग धरायला तेवढं पुरतं. वहीत मी रोज एकच ओळ लिहीत होते, 'आज बोलले नाहीत.' अशा नऊ ओळी आहेत.

दहाव्या दिवशी रविवार होता. उपासनेला भावजी नेहमीसारखे मास्तरांजवळ मागे बसले नाहीत. पुढे, जिथे बायकांची चटई सुरू होते त्या कडेला येऊन बसले, माझ्यापासून दोन हातांवर. मला वाटलं, माझ्याकडे न पाहण्यासाठी जवळ बसलेत. लांबून माणूस जास्त दिसतं.

गीत सुरू झालं. ते गायला लागले, तोच खडा आवाज. शेवटचं कडवं आलं तेव्हा माझं लक्ष मागे रडणाऱ्या एका पोराकडे गेलं होतं. पेटी थांबली. सगळे थांबले. भावजी पुढच्या ओळीत शिरले. माना वळल्या. मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं, तर ते माझ्या हातांकडे पाहत होते. गीतांचं पुस्तक माझ्या हातात अजून उघडं होतं.

मी पुस्तक मिटलं. ते थांबले.

घरी आल्यावर जेवायला बसले. मी भाकरी घेऊन समोर उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं.

"पुस्तक येळेवर मिटत जा," ते म्हणाले. "आन् वाढ."